एक्सकॉसचे सुपरब्लॉक: फुकट आहेत, म्हणून गप्प बसायचं का?

सायलॅब हे गणिताचं फुकट सॉफ्टवेअर, आणि एक्सकॉस हा त्यातला ब्लॉक जोडून यंत्रणा पडद्यावर चालवून बघायचा भाग. याहून जास्त सांगत बसत नाही. नसेल माहीत तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतले धडे आहेत. मी सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची पॅनल बनवतो आणि वायरिंगला हात घालण्याआधी सगळं पडद्यावर चालवून बघतो. गेल्या पावसाळ्यापासून हेच चाललंय. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, तळटाकी भरते, पंप ते गच्चीवर चढवतो, फ्लोट त्याला थांबवतो. प्रत्येक विंगला तेच. टाकीचा सुपरब्लॉक, म्हणजे अनेक ब्लॉक आत घेतलेली एक पेटी, एकदा बांधा आणि हवा तितक्यांदा चिकटवा, झालं काम.

नाही झालं! चिकटवलेली प्रत वाटणी झालेल्या भावासारखी असते, मूळ घरात काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही. ए विंगच्या टाकीत ओव्हरफ्लोची वाट जोडली, बी आणि सी विंगला पत्ताच नाही. ग्राफमध्ये त्यांची पातळी टाकीच्या उंचीवर गेली तरी चढतेच आहे. सिम्युलिंक या अशाच पण विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक लायब्ररीत ठेवला की प्रती त्याला लिंक राहतात, मूळ सुधारलं की त्याही सुधारतात. पण तो परवाना माझ्या गाळ्याच्या हिशेबात बसत नाही. आणि फुकट मिळतंय म्हणून कुरकुर करू नये, हा न्याय मला मान्य नाही. माझी संध्याकाळ फुकट नसते.

बाकीच्या अडचणी किरकोळ. सुपरब्लॉकच्या आतल्या पोर्टांचे, म्हणजे आत-बाहेर जोडायच्या टोकांचे, आकडे १ पासून सलग हवेत. स्कोप, म्हणजे ग्राफ काढणारा ब्लॉक, सुपरब्लॉकच्या आत ठेवलात तर घड्याळाची लाल रेघही आत न्या, नाहीतर ग्राफ कोरा.

अल्जेब्राइक लूपला, म्हणजे दोन ब्लॉक त्याच क्षणी एकमेकांच्या उत्तरावर अडून बसतात त्याला, मात्र किरकोळ म्हणणार नाही. माझा पंपाचा ब्लॉक प्रवाहावरून दाब काढतो, पाइपचा ब्लॉक दाबावरून प्रवाह. दोन्ही पेट्या वेगवेगळ्या बघितल्या तर निर्दोष, एकमेकींना जोडल्या की कंपाइलच होत नाही, कारण फेरीत कुठेही इंटिग्रेटर, म्हणजे काळाबरोबर बेरीज साठवत जाणारा ब्लॉक, नाही. मध्ये एक फर्स्ट-ऑर्डर लॅग, म्हणजे बदल हळूहळू पुढे जाऊ देणारा ब्लॉक, टाकला, सुटलं. ही पळवाट नाही, पाइपातल्या पाण्याला वेग घ्यायला खरंच वेळ लागतो.

इथपर्यंत लिहून २ तारे देणार होतो. तेवढ्यात कॉन्टेक्स्टचा, म्हणजे आकृतीचे आकडे नावानिशी लिहून ठेवायच्या जागेचा, खरा उपयोग कळला. टाकीचं क्षेत्रफळ, फ्लोटची उंची असे आकडे बाहेरच्या आकृतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये लिहिले की आतल्या सगळ्या सुपरब्लॉकना दिसतात. आकडा एका जागी बदला, सगळ्या विंगा ऐकतात. एखाद्या विंगची टाकी वेगळी असेल तर तेवढ्या सुपरब्लॉकला मास्क लावा, म्हणजे त्याचे आकडे वेगळे देता येतात.

पण हे झालं आकड्यांपुरतं, ओव्हरफ्लोचं काय? त्यासाठी टाकीचं गणित सायलॅबच्या एका फंक्शनमध्ये नेलं आणि प्रत्येक प्रतीत सायफंक ब्लॉकमधून, म्हणजे सायलॅबचा कोड चालवणाऱ्या ब्लॉकमधून, त्याला नावाने हाक मारली. इंटिग्रेटर बाहेर तसाच. आता त्या फंक्शनची फाइल सुधारायची, एक्झेक आज्ञेने पुन्हा चालवायची, की सगळ्या प्रती नव्या नियमाने चालतात. एक्सकॉसच्या तयार ब्लॉकपेक्षा हा हळू चालतो, आठवडाभराचं पाणी एका दमात सोडलंत तर चहा होतो मधे.

साडेतीन तारे. चौथ्यातला अर्धा कापला तो अजूनही नवा पोर्ट वाढवायचा झाला तर प्रत्येक विंग उघडून हातानेच करावं लागतं म्हणून.