दुरुस्तीच्या नावाखाली माझेच ड्राइव्ह मला विकले

धायरीतल्या घराच्या मागच्या खोलीत मी दीड वर्ष खपून एक छोटा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरीव काम करणारे मशीन, उभा केला आहे आणि त्यावर लाकडी नावाच्या पाट्या कोरतो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मशीनच्या एक्स, वाय आणि झेड या तीन दिशांपैकी वाय अक्षाची स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पायऱ्यांनी फिरणारी मोटर) बदलली, तेव्हापासून ती फिरेना. या साध्या बिघाडाचा फायदा घेऊन एका तंत्रज्ञाने माझ्याकडून ९,९०० रुपये उकळले. मशीन स्वतः बांधणाऱ्या, पण वायरिंगला हात लावताना कचरणाऱ्या मंडळींना हे कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आज्ञा दिली की मोटर घरघर करीत जागच्या जागी थरथरत असे, कधी इकडे तर कधी तिकडे किंचित सरकत असे, पण शाफ्ट पूर्ण फेरा घेत नसे. दिवाळीच्या पाट्या वेळेत द्यायच्या होत्या, म्हणून ओळखीतून मिळालेल्या क्रमांकावर फोन केला. भोसरीच्या कारखान्यांत सीएनसीची कामे करतो असे सांगणारे गृहस्थ आले. त्यांनी मल्टिमीटर पिशवीतून बाहेरही काढला नाही. प्रत्येक मोटरला वीज देऊन फिरवणारे तीन ड्राइव्ह ज्यात आहेत, त्या पॅनेलचे झाकण उघडून आत नजर टाकली आणि म्हणाले, "काका, वायचा ड्राइव्ह उडालाय, आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे दोनही गेलेत." एक्स आणि झेड तर व्यवस्थित चालत आहेत, हे मी दाखवून दिले. "आज चालतायत, ऐन कामात बंद पडतील," असे उत्तर मिळाले. तिथेच मी थांबायला हवे होते. घाई होती, मी मान डोलावली, आणि ते तिन्ही ड्राइव्ह घेऊन गेले.

चार दिवसांनी "इंडस्ट्रियल" म्हणून तीन ड्राइव्ह आले. त्यांवर चकचकीत स्टिकर होते आणि त्यावर ५ अँपिअर, ५० व्होल्ट असे छापलेले होते. प्रत्येकी २,८०० रुपये आणि मजुरीचे १,५०० असा हिशेब झाला. बिल मागितले, तर जीएसटी लागून महाग पडेल असे सांगण्यात आले. पैसे यूपीआयने दिले. मोटर फिरू लागली आणि मला हायसे वाटले.

संशय आला तो फेब्रुवारीत, पॅनेलमधला भुसा साफ करताना. मोटरने फिरणारा माझा बॉल स्क्रू मशीनला एका फेऱ्यात ५ मिमी सरकवतो, मोटर एका फेऱ्याला २०० पायऱ्या घेते आणि मी मायक्रोस्टेप, म्हणजे एका पायरीचे भाग, ८ वर ठेवलेले असल्याने सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटरला ३२० पल्स हा आकडा भरलेला आहे. नव्या स्टिकरवरच्या तक्त्यानुसार मात्र ड्राइव्हवरच्या छोट्या डिप स्विचांची ती मांडणी १६ ची होती. तसे खरेच असते, तर १०० मिमी सांगितल्यावर मशीन ५० मिमीच गेले असते. पट्टी लावून मोजले, तर बरोबर १०० भरले. म्हणजे स्टिकर या ड्राइव्हचा नव्हताच. नखाने त्याचा कोपरा उचलला आणि हळूहळू सोलला. खाली जुने स्टिकर होते, आणि त्यावर काळ्या मार्करने माझ्याच अक्षरात लिहिलेले "वाय". पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणले त्या दिवशी मीच ते लिहिले होते. उरलेल्या दोघांवरही "एक्स" आणि "झेड" निघाले.

मग मोटर फिरू कशी लागली, याचे उत्तर माझ्या मोबाइलमधल्या जुन्या फोटोत सापडले. स्टेपर मोटरच्या चार वायरी म्हणजे दोन स्वतंत्र कॉइलच्या दोन जोड्या असतात. माझ्या जुन्या मोटरमध्ये काळी-हिरवी ही एक जोडी आणि लाल-निळी ही दुसरी होती. नव्या मोटरमध्ये लाल-हिरवी आणि पिवळी-निळी अशा जोड्या होत्या, आणि मी लाल-निळी एकत्र धरून बसलो होतो. जोड्यांची अशी सरमिसळ झाली की मोटर थरथरते, पण फिरत नाही. त्या गृहस्थांनी ड्राइव्ह परत बसवताना वायरींची जागा गुपचूप बदलली होती. खात्री करण्यासाठी मी वीज बंद करून वायरी जुन्या फोटोप्रमाणे लावल्या आणि काही सेकंद चालवून पाहिले. तीच घरघर पुन्हा ऐकू आली.

ही तपासणी कोणालाही करता येते. वायरी ड्राइव्हपासून सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावावा. एका जोडीत काही ओहम दिसतात, वेगवेगळ्या कॉइलच्या वायरींत काहीच दिसत नाही. मीटर नसेल, तर कोणत्याही दोन वायरींची टोके जुळवून शाफ्ट हाताने फिरवावा. तो जड झाला तर ती जोडी. रंगांवर विसंबू नये, ते उत्पादकागणिक बदलतात. ड्राइव्हबद्दल शंका असेल, तर बिघडलेल्या अक्षाची केबल दुसऱ्या अक्षाच्या ड्राइव्हला लावून पाहावी. बिघाड केबलबरोबर तिकडे गेला, तर दोष मोटरच्या बाजूचा आहे आणि ड्राइव्ह निर्दोष आहे. हे सारे वीज बंद करून, पुरवठ्याचा दिवा पूर्ण विझल्यावरच करावे, कारण चालू ड्राइव्हवरून मोटरची वायर काढली तर तो खरोखर जळू शकतो.

स्टिकरविषयी आणखी एक गोष्ट. टीबी६६०० या नावाने विकल्या जाणाऱ्या ड्राइव्हच्या डब्यावर मायक्रोस्टेपचा तक्ता ३२ पर्यंत जात असेल, तर आत त्या नावाची तोशिबा चिप नाही, कारण टीबी६६००एचजी १६ पर्यंतच जाते. दुरुस्तीला काहीही देण्याआधी त्याचा अनुक्रमांक, स्क्रू आणि एखादा ओरखडा दिसेल असा फोटो काढून ठेवावा.

फोन केल्यावर त्या गृहस्थांनी आधी आवाज चढवला आणि मग माझा क्रमांक ब्लॉक केला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीत आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पक्के बिल नसल्याने यूपीआयची नोंद आणि सोललेली तीन स्टिकरे पुरावा म्हणून जोडली आहेत. जळाले म्हणून नेलेले ते तिन्ही ड्राइव्ह आजही याच मशीनवर चालू आहेत, हेही अर्जात लिहिले आहे.