अटलांटिक की पॅसिफिक? आठ महिने खेळल्यानंतर

'सायलेंट हंटर' हा दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचा संगणकावरचा खेळ. त्याचा तिसरा, अटलांटिकमधला भाग २००५चा, चौथा, पॅसिफिकमधला २००७चा. तरी गेले आठ महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी कधी जर्मन पाणबुडीत असतो, कधी अमेरिकन. आता माझं मत पक्कं झालंय: खेळायला अटलांटिकच सरस.

कारण तिथे शत्रू शिकत जातो. १९४० साली रात्री पाण्यावरूनच जहाजांच्या ताफ्यात घुसायचं, कारण वर तरंगणारी पाणबुडी ब्रिटिशांच्या अ‍ॅस्डिकला, म्हणजे आवाजाने पाण्याखाली शोध घेणाऱ्या यंत्रणेला, सापडत नाही. मी हीच सवय लावून घेतली आणि १९४३मध्ये तिनेच घात केला. अंधारात रडारवालं विमान थेट डोक्यावर आलं, बुडी मारायलाही वेळ मिळाला नाही. त्या वर्षीच्या एकट्या मे महिन्यात जर्मनीच्या चाळीसहून जास्त पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन नौदलप्रमुख ड्योनित्झने उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. हे मी वाचलेलं होतं, पण त्या रात्री समजलं. युद्धावर गेलेल्या सुमारे ४० हजार जर्मन पाणबुडी-खलाशांपैकी ३० हजारांच्या आसपास परतलेच नाहीत.

पॅसिफिकमध्ये गाडी उलटी चालते. अमेरिकनांची गाटो वर्गाची पाणबुडी ऐसपैस: टॉर्पेडो सोडायच्या १० नळ्या, २४ टॉर्पेडो. जर्मनांच्या सातव्या प्रकारात ५ नळ्या आणि १४ टॉर्पेडो. पण अमेरिकनांचा मार्क १४ टॉर्पेडोच दगा देतो. तो ठरवलेल्यापेक्षा खोल जायचा, आणि काटकोनात नेमका आदळला तर त्याची स्फोट घडवणारी कळच चेपायची आणि तो फुटायचा नाही. सदोष टॉर्पेडोंचा पर्याय चालू ठेवूनच खेळा, त्याशिवाय १९४२ची ती घालमेल कळत नाही. सप्टेंबर १९४३पर्यंत हे दोष निघाले. त्यानंतर टॉर्पेडो फुटतात, जपानी ताफ्यांचं संरक्षण तोकडं पडतं आणि माझी उत्कंठा ओसरते. पर्ल हार्बरहून जपानपर्यंतचा तीन हजारांवर सागरी मैलांचा प्रवासही मला कंटाळवाणा वाटला.

चौथ्या भागाला २००८मध्ये जोडलेल्या जर्मन मोहिमा मात्र चुकवू नका. त्या हिंदी महासागरात नेतात. जपानच्या ताब्यातल्या मलायातील पेनांगहून निघणाऱ्या जर्मन पाणबुड्या खरोखरच आपल्या अरबी समुद्रात शिकार करत होत्या. त्याआधी गोव्यातल्या मुरगाव बंदरात अडकलेलं 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज जर्मन पाणबुड्यांना रेडिओवरून खबर देतं, असा ब्रिटिशांना संशय होता. मार्च १९४३मध्ये कलकत्त्याच्या स्वयंसेवकांनी पोर्तुगीज हद्दीत शिरून त्यावर छापा घातला. माझं आजोळ वास्कोचं. नकाशावर तो किनारा आला की मी खेळातला वेळ भरभर पुढे नेणारी कळ सोडतो आणि सावकाश पुढे जातो.