खेळापुरता पीसी की कामाचा पीसी?

नाशिकला एमजी रोडवर कोटेशन घ्यायला जाण्याआधी एवढं ठरवा: संध्याकाळी तासभर व्हॅलोरंटसारखा गेम, की दिवसभर ड्रॉइंगचं ऑटोकॅड आणि हिशेबाचं टॅली?

तासभर खेळणाऱ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर पुरे; ग्राफिक्स त्यातच असतं. मात्र हे ग्राफिक्स रॅमवरच चालतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८च्या दोन घ्या. एकाच पट्टीवर फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) चांगलाच पडतो. शिवाय बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम अनेकदा त्याहून कमी वेगाने रखडते. हे बहुतेक जण विसरतात आणि खापर प्रोसेसरवर फोडतात.

काम करणाऱ्याचा हिशेब निराळा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ड्रॉइंग करायची तर ३२ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) आणि बॅकअपला वेगळी हार्ड डिस्क. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर पैसे घालवू नका. यूपीएस मात्र हवाच; एंट्री चालू असताना वीज गेली तर टॅलीचा डेटा बिघडू शकतो. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला तेवढा भागतो. तगडं कार्ड लावलंत, तर ओव्हरलोड होऊन ऐन खेळात मशीन बंद.