दहा प्रश्नांची पैशाची चाचणी, घरातल्या तिघींनी भरली त्याचा रिव्ह्यू

मी 43 ची, मावसबहीण 24 ची आणि आई 68 ची, तिघींनी एकाच रात्री ही चाचणी भरली, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. अमेरिकेत कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो नावाची सरकारी संस्था आहे, त्यांनी 2015 मध्ये ही दहा प्रश्नांची चाचणी काढली. फुकट आहे, ऑनलाइन भरता येते, शेवटी 0 ते 100 मध्ये स्कोअर मिळतो. प्रश्न इंग्रजीत आहेत पण साधे आहेत.

मला सगळ्यात काय आवडलं तर दहा प्रश्नांत कुठेही पगार किती, कर्ज किती असं विचारलेलं नाही. अचानक मोठा खर्च आला तर झेपेल का, महिनाअखेरीस काही उरतं का, कुणाच्या लग्नाला वाढदिवसाला गिफ्ट द्यायचं तर त्या महिन्याचं गणित बिघडतं का, असले प्रश्न. म्हणजे खात्यात किती आहेत यापेक्षा डोक्यावर किती ओझं आहे ते बघतात.

स्कोअर म्हणाल तर बहिणीचा आणि माझा जवळजवळ सारखा आला, आईचा आमच्यापेक्षा बराच वर. 2017 च्या त्यांच्या अमेरिकेतल्या रिपोर्टमध्येही असंच आहे, सगळ्यांची सरासरी 54 आणि वयस्कर लोकांची तरुणांपेक्षा जास्त. पण खरं सांगू, नुसता स्कोअर बघून थांबू नका, कुठल्या प्रश्नाला कोण अडकलं ते बघा. बहीण अडकली "मला हवं ते आयुष्यात कधी मिळणारच नाही असं वाटतं" इथे. पहिली नोकरी, शिक्षणाचं कर्ज अजून डोक्यावर, आणि तिला भीती पैशापेक्षा या गोष्टीची की सुरुवातच चुकली तर पुढचं सगळंच मागे पडेल. मी तिला सांगितलं की अगं तुझ्याकडे वेळ आहे, 12 टक्के चक्रवाढीने पैसे साधारण 6 वर्षांत दुप्पट होतात, तर ती म्हणाली ताई कर्जही तसंच वाढतं ना. बरोबर आहे तिचं, मी गप्प बसले.

माझं उत्तर "पैशाची परिस्थितीच माझं आयुष्य चालवते" याला "नेहमी". पगार बहिणीपेक्षा कितीतरी जास्त आहे तरी स्कोअर तिच्याइतकाच, कारण घराचा हप्ता, मुलांच्या फिया, आईची औषधं, सगळं आधीच ठरलेलं असतं, आलेला पैसा माझा असतो फक्त एक दिवस. इथे मला अकरावा प्रश्न हवा होता, की तुमच्या पैशावर किती जण अवलंबून आहेत, कारण दहाही प्रश्न "मी" बद्दलच आहेत आणि चाळिशीतलं टेन्शन बहुतेक करून दुसऱ्यांसाठीच असतं.

आता आईचं. चाचणी शेवटी विचारते की तुम्ही 62 च्या आतले की पुढचे, आणि प्रश्न स्वतः वाचले की कुणी वाचून दाखवले, त्याप्रमाणे स्कोअरचा तक्ता बदलतो, उत्तरं तीच असली तरी मार्क थोडा वेगळा येऊ शकतो. मला आधी हे उगाचचं वाटलं. आईला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं म्हणून मीच वाचत होते आणि "जवळचे किंवा पुढे साठवेन ते पैसे पुरणार नाहीत अशी काळजी वाटते" याला ती चटकन म्हणाली, छे, अजिबात नाही. नंतर चष्मा सापडल्यावर तिने फोन मागून घेतला, पुन्हा पहिल्यापासून भरलं, आणि त्याच प्रश्नावर बराच वेळ थांबून "पूर्णपणे लागू" दाबलं. स्कोअर खाली आला, तरी माझ्यापेक्षा वरच. मी विचारलं तर म्हणाली, कमी नाहीत गं पैसे, पण आता नवे येणार नाहीत, आणि किती वर्षं पुरवायचे ते कुणाला माहीत.

इतकी वर्षं तिचा हिशोब मी बघते, आणि हे मला कधी कळलं नव्हतं. चाचणीला पाचपैकी साडेचार. घरातल्या मोठ्यांकडून भरून घेणार असाल तर फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.