बडोद्यात स्वयंपाक कशावर करायचा: पाइपचा गॅस, बाटला की इंडक्शन?

दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा इथल्या जुन्या घरांतून वासणा-भायली किंवा मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना फर्निचरची चर्चा महिनाभर चालते. स्वयंपाक कशावर होणार, हे मात्र किल्ली हातात आल्यावर आठवतं. मग बिल्डर सांगेल ते किंवा शेजारी वापरतात ते आपण घेतो. हा खर्च पुढची वीस वर्षं दर महिन्याला होणार असतो, त्यामुळे एकदा कागद-पेन घेऊन बसणं परवडतं.

माझं मत आधीच सांगते. इमारतीत पाइपलाइन आली असेल आणि घर स्वतःचं असेल, तर मुख्य चूल पाइपच्या गॅसची ठेवावी आणि जोडीला एक इंडक्शन. भाड्याचं घर असेल किंवा पाइप अजून सोसायटीच्या गेटबाहेरच असेल, तर बाटलाच (गॅसचा सिलिंडर) बरा. सगळा स्वयंपाक विजेवर न्यायचा विचार छपरावर सोलर असलेल्यांनीच करावा. हे मत कुठून आलं ते पुढे मांडते. तुमचे आकडे वेगळे निघाले तर निर्णयही वेगळा घ्या.

पैशाचा हिशेब

तिन्ही इंधनं वेगवेगळ्या मापांत मिळतात: बाटला किलोत, पाइपचा गॅस घनमीटरमध्ये, वीज युनिटमध्ये. म्हणून बिलं शेजारी ठेवून काही कळत नाही. एकच माप धरावं लागतं आणि घराघरात समजणारं माप म्हणजे 14.2 किलोचा एक बाटला.

एका बाटल्यात जितकी उष्णता असते, तितकीच पाइपच्या साधारण 18 घनमीटर गॅसमध्ये असते. बिलावर हे एकक एससीएम असं छापलेलं असतं. तेव्हा बाटल्याच्या आजच्या किमतीला 18 ने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा पाइपच्या गॅसचा करासकट दर कमी असेल, तर पाइप स्वस्त. बाटला 900 रुपयांना पडत असेल तर सीमारेषा 50 रुपयांवर येते. हे गणित दर बदलला तरी चालतं, म्हणून मी दर पाठ करण्यापेक्षा 18 हा आकडा लक्षात ठेवते.

विजेचं गणित थोडं लांब आहे. गॅसच्या शेगडीवर ज्वाळेची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटते. चांगल्या शेगडीतही दोन तृतीयांशच्या आसपास उष्णता अन्नापर्यंत पोचते. इंडक्शनमध्ये हेच प्रमाण 85 टक्क्यांच्या घरात जातं. हा फरक धरला, तर एका बाटल्याचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण 140 युनिट लागतात.

आता 140 युनिटचे किती रुपये? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. लाइट बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, असा सरासरी दर काढून लोक इंडक्शन स्वस्त ठरवतात. पण इंडक्शनचे युनिट तुमच्या आधीच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे ते सर्वांत महागड्या टप्प्यात मोजले जातात. आपली वीज कंपनी एमजीव्हीसीएल, तिचे घरगुती मूळ दर असे आहेत: महिन्याचे पहिले 50 युनिट 3.05 रुपये, पुढचे 50 युनिट 3.50, त्यापुढचे 150 युनिट 4.15 आणि 250 च्या वर 5.20. बिल दोन महिन्यांचं येतं, तेव्हा हे टप्पे दुप्पट धरायचे. यावर इंधन आकार लागतो, बिलावर तो एफपीपीपीए या नावाने दिसतो. जुलै 2025 मध्ये तो युनिटला 2.30 रुपये होता. या सगळ्यावर शहरी घरांना 15 टक्के वीज शुल्क.

जमवून बघा. वरच्या टप्प्यातला एक युनिट 5.20 अधिक 2.30, म्हणजे 7.50 आणि शुल्कासह सुमारे 8.60 रुपयांना पडतो. 140 युनिटचे झाले 1,200 च्या आसपास. हिवाळ्यात एसी बंद असताना तुम्ही 4.15 च्या टप्प्यात असाल, तर युनिट 7.40 ला पडतो आणि बाटल्याइतका स्वयंपाक 1,040 च्या आसपास. म्हणजे एकच कुकर जानेवारीत स्वस्त आणि मे महिन्यात महाग शिजतो. घरगुती बाटल्याची किंमत एप्रिल 2025 मध्ये 50 रुपयांनी वाढली, तेव्हा दिल्लीत ती 853 रुपये झाली होती. आपल्याकडे त्याच्या आगेमागे. त्या भावाला वीज दोन्ही ऋतूंत महागच ठरते. तुमच्या हातातल्या ताज्या बिलावरचा इंधन आकार घालून हाच हिशेब पुन्हा करा, कारण तो आकार बदलत राहतो.

सोलर असेल तर चित्र उलटतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण 78,000 रुपये अनुदान मिळतं. वापरून उरलेल्या युनिटला वीज कंपनी जो भाव देते, तो आपण विकत घेतो त्या भावापेक्षा बराच कमी असतो. मग उरलेले युनिट विकण्यापेक्षा त्यावर भात-आमटी शिजवणं फायद्याचं. संध्याकाळी ऊन नसलं तरी नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला दिलेले युनिट त्याच बिलात वळते होतात.

पाइपचा गॅस

या बाबतीत बडोदं भाग्यवान शहर आहे. इथे महानगरपालिकेने 1972 पासून घरोघरी पाइपने गॅस द्यायला सुरुवात केली, देशातल्या बहुतेक शहरांना तेव्हा ही कल्पनाही नव्हती. आज हे काम महानगरपालिका आणि गेल गॅस यांची भागीदारी असलेली वडोदरा गॅस लिमिटेड बघते. त्यामुळे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीबोळांतही पिवळा पाइप आणि मीटर दिसतो, आणि कधीकधी नव्या उपनगरातच वाट बघावी लागते. फ्लॅट घेताना "गॅस लाइन येणार आहे" या शब्दावर थांबू नका. जिन्यात उभा पाइप बसलाय का आणि त्यात गॅस सोडलाय का, हे दोन वेगळे प्रश्न विचारा.

मोठा फायदा रुपयांत मोजता येत नाही. बुकिंग नाही, डिलिव्हरीसाठी घरात थांबणं नाही, पाहुणे जमलेल्या दिवशी बाटला संपणं नाही. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर मी हाच एक मुद्दा पुरेसा मानते. जड बाटला ओढणं, रेग्युलेटर बसवणं हे त्यांच्या नशिबी येऊ नये. वापरून झाल्यावर बिल येतं, आणि वीज गेली तरी चूल चालू राहते. सरकारी धोरणही या गॅसच्या बाजूने आहे: देशी गॅस वाटताना घरगुती पाइप गॅस आणि सीएनजी यांना अग्रक्रम मिळतो, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरात सरकारने या दोन्हींवरचा व्हॅट 10 टक्क्यांनी कमी केला.

आता अडचणी. जोडणीसाठी परत मिळणारी अनामत भरावी लागते, ओटा मीटरपासून लांब असेल तर जास्तीच्या पाइपचे पैसे वेगळे. किमान आकार आहे का, हे अर्ज भरतानाच विचारून घ्या. वर्षातले सहा महिने मुलाकडे पुण्याला राहणाऱ्यांना हा प्रश्न महत्त्वाचा आहे. घर बंद असताना रीडिंग न मिळाल्यास अंदाजे बिल येऊ शकतं, तेव्हा मीटरचा फोटो पाठवण्याची सोय वापरा. भाडेकरूने घरमालकाच्या नावावरच्या जोडणीचं आधीचं बिल भरलेलं आहे ना, ते पाहून मगच करार करावा.

शेगडी तीच चालते, पण तिचे जेट (गॅस ज्या बारीक छिद्रातून सुटतो तो भाग) बदलावे लागतात. पाइपच्या गॅसला मोठ्या छिद्राचं जेट लागतं. बदललेली शेगडी परत बाटल्याला जोडली तर ज्वाळा भडकते. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

बाटला

बाटल्याची खरी ताकद म्हणजे तो कुठेही चालतो. भिंत फोडायची नाही, सोसायटीची परवानगी नको. दुसऱ्या गावी बदली झाली तर जोडणी हलवता येते. दोन बाटल्यांची जोडणी असेल तर संपण्याची धास्तीही जाते. उज्ज्वला योजनेतल्या कुटुंबांना दिल्लीत एप्रिल 2025 च्या वाढीनंतर तोच बाटला 553 रुपयांना पडत होता, आणि गुजरात सरकारने त्यांना वर्षाला दोन बाटले मोफत द्यायचं 2022 मध्ये जाहीर केलं. अशा घरांनी पाइपकडे वळण्याआधी हिशेब अगदी नीट करावा.

घेताना वजन करून मागा, तो तुमचा हक्क आहे. रिकाम्या बाटल्याचं वजन त्यावरच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 मिळवायचे. वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, याप्रमाणे, आकडे वर्षाचे. ही पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेलेला बाटला परत करा.

इंडक्शन, आणि आपला स्वयंपाक

इंडक्शनवर दूध, चहा, वरण-भात, भाज्या झटपट होतात आणि उन्हाळ्यात ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला जो आराम मिळतो, तो कोणत्याही तक्त्यात मावत नाही. पण फुलका ज्वाळेवर फुगतो, भाकरीला शेवटी आच लागते, भरताचं वांगं भाजायचं तर आगच हवी. लोखंडी तवा सपाट तळाचा असेल तर चालतो. अॅल्युमिनियमचा जुना कुकर आणि पितळी पातेली नाही चालत. नवी भांडी घ्यायचा खर्च हिशेबात धरा.

2,000 वॉटच्या शेगडीला 16 अँपिअरचा पॉइंट आणि धड अर्थिंग लागतं. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर, फ्रिजच्या एक्स्टेन्शन बोर्डात ती लावणं म्हणजे आग ओढवून घेणं. आधी वायरमनला दाखवा, वीज कंपनीने तुमच्या घराला मंजूर केलेला लोडही तपासा.

सगळं विजेवर न्यायला मी नको म्हणते, त्याचं कारण ऑगस्ट 2024 मधला पूर आहे. विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा सुरक्षेसाठी अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली. पाणी ओसरेपर्यंत बाळाचं दूध कशावर गरम करायचं, याचं उत्तर प्रत्येक घरात तयार हवं.

स्मार्ट मीटरबद्दल एवढंच: मे 2024 मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध बडोद्यात लोक रस्त्यावर उतरले, त्यानंतर शंका दूर करायला पडताळणीसाठी जोडीला दुसरा, चेक मीटर बसवण्याचं जाहीर झालं. तुमच्याकडे तो मीटर असेल तर रोजचे युनिट मोबाइलवर बघा. इंडक्शन घेतल्यावर टप्पा कधी ओलांडला जातो ते लगेच कळेल.

गळती आणि गीझर

बाटल्यातला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून गळती सांगणारं यंत्र बाटल्यासाठी खाली आणि पाइपसाठी वर लावायचं. वास आला की बटणाला हात लावायचा नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. कॉक बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, मग फोन. बाटल्यासाठी 1906 चालतो, पाइपसाठी बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पाइप आला की लोकांना गॅस गीझर सुचतो, कारण पाणी स्वस्तात तापतं. तो बंद न्हाणीघरात बसवू नका, कितीही आग्रह झाला तरी. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला वास नसतो आणि आंघोळीला गेलेलं माणूस आवाजही न करता जातं. बाहेर मोकळ्या बाल्कनीत जागा नसेल तर विजेचा गीझर घ्या आणि चार रुपये जास्त भरा.

बदल करताना

पाइप सुरू झाल्यावर बाटला तसाच माळ्यावर टाकू नका. घरात दोन्ही ठेवायची मुभा आहे असं गृहीत धरू नका. एजन्सीत जाऊन जोडणी रीतसर सरेंडर करा, बाटला आणि रेग्युलेटर द्या आणि टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा कागद) घ्या. अनामत परत मिळायला जोडणी घेताना मिळालेलं मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर लागतं, आजच शोधून ठेवा. नव्या घराचा ताबा घ्याल त्या दिवशी वीज आणि गॅस दोन्ही मीटरचे फोटो तारखेसह काढा, आणि थकबाकी नसल्याची पावती आधीच्या मालकाकडून लेखी घ्या.