लाल मारुती ८०० चा उडालेला रंग: घरी रबिंग-पॉलिश करून नऊ महिने झाले, आता खरं सांगतो

गाडी २००३ ची, बाबांनी घेतलेली, दोनदा पासिंग रिन्यू झालंय आणि इंजिन अजून एका चावीत उठतं, पण सोलापूरच्या उन्हात वीस वर्षं उघड्यावर उभी राहून रंगाची पार वाट लागली होती. खालचे दरवाजे बरे होते पण टप आणि बॉनेट म्हणजे लाल नाहीच, धुतलेल्या विटेसारखा गुलाबी-पांढुरका, हात फिरवला की बोटाला पावडर. मागच्या दसऱ्याला आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं तर ते दोन महिने निघालंच नाही, दोनदा शॅम्पूने धुतलं तरी डाग तसाच, रंग इतका कोरडा झालेला की कुंकू आत शोषून घेतलं त्याने. तेव्हा म्हटलं आता काहीतरी करायला हवं.

आधी दोन ठिकाणी विचारलं. एकाने फुल पेंटिंग सांगितलं, ४० हजार, म्हणजे गाडीच्या किमतीएवढेच. दुसरा म्हणाला सिरॅमिक कोटिंग (रंगावरून मारायचा कडक संरक्षक लेप) मारून टाकू सगळं झाकून जाईल. काही झाकलं जात नाही हो, सिरॅमिक पारदर्शक असतं, खाली मेलेला रंग असेल तर मेलेलाच रंग चमकताना दिसणार. आणि आमच्याकडचा जुना उपाय म्हणजे डिझेलचा फडका, तोही मी वर्षभर करून बसलोय, दोन दिवस गाडी नवी दिसते, तिसऱ्या दिवशी तेल उडतं आणि धूळ मात्र चिकटून बसते.

मग सुरू करण्याआधी नीट तपासलं आणि माझ्या मते हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण उडालेला रंग सगळीकडे एकाच कारणाने उडालेला नसतो. पहिलं म्हणजे टपावर पाणी मारून बघितलं, ओलं असताना मूळ लाल परत दिसला आणि वाळल्यावर पुन्हा गुलाबी, म्हणजे खराबी फक्त वरच्या थरात आहे आणि खाली चांगला रंग शिल्लक आहे. मग दाराच्या आतल्या कडेला पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड (रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट) घेऊन घासलं तर फडकं लाल झालं, म्हणजे वर लॅकर नाही, जुना साधा सॉलिड रंग आहे. नवीन गाड्यांवर बहुतेक वरून पारदर्शक लॅकर असतो, तिथे फडक्यावर रंग येत नाही.

पण ड्रायव्हर साइडचा मागचा दरवाजा वेगळाच निघाला. तो २०१५ ला एका ठोकाठोकीनंतर गॅरेजमध्ये रंगवलेला, त्यावर पांढरे पापुद्रे आलेले, पाणी मारलं तरी पांढरे ते पांढरेच, आणि कडेला नख अडकत होतं. हा लॅकर सुटलेला असतो, ह्याला जगातलं कुठलंच पॉलिश चालत नाही, घासाल तेवढा सोलत जाणार. ओळखीच्या पेंटरकडे जाडी मोजायचं मीटर होतं, टपावर ८५ ते ९५ मायक्रॉन आणि ह्या दरवाजावर २०० च्या वर दाखवलं. (प्लॅस्टिकच्या बंपरवर ते मीटर चालत नाही, मी उगाच पाच मिनिटं लावून बघत होतो.)

सामान असं: मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड, क्ले बार (रंगात अडकलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), कार्नोबा वॅक्स, फोमचे चार पॅड, मायक्रोफायबरचे फडके आणि ऑनलाइन घेतलेलं साधं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर. सगळं मिळून साडेसहा हजार, त्यात निम्मे मशिनचे. दुकानदार रोटरी (नुसतं गोल फिरणारं मशिन) घ्या म्हणत होता, लवकर होतं म्हणून, पण नवशिक्याने रोटरी एका जागी धरली की रंग जळतो, डीए फिरता फिरता डगमगतं म्हणून त्यातल्या त्यात सुरक्षित.

जानेवारीतले दोन रविवार गेले. सकाळी साडेसहाला सुरू, नऊला बंद, कारण पत्रा तापला की कंपाउंड लगेच वाळून पांढरं चिकटतं. आधी टपाच्या एका कोपऱ्यात फूटभर जागेवर करून बघितलं आणि खरं सांगतो तो चौकोन बघून मी बायकोला झोपेतून उठवून आणलं. सॉलिड रंगात पॅड भराभर मेलेल्या रंगाने भरतं, प्रत्येक दोन फुटांना ब्रशने साफ करावं लागतं नाहीतर तोच चिखल परत फिरवत बसता. हातापायाला, शर्टाला सगळीकडे लाल, आई म्हणाली रंगपंचमी खेळून आलास का रे. रबर बीडिंग आणि काळ्या प्लॅस्टिकला मास्किंग टेप लावा, मी एका बाजूला आळस केला, तिथे पांढरट डाग अजून आहे.

चूक एक मोठी झाली. बॉनेटच्या पुढच्या धारेवर मशिन दोनदा जास्त फिरलं आणि खालचा राखाडी प्रायमर दिसला, नखाएवढाच पण दिसतो. धारेवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे हातानेच करायचं, मला माहीत होतं तरी केलं.

दरवाजा मात्र पेंटरकडेच दिला, साडेतीन हजार, जुना लॅकर काढून प्रायमर मारून पुन्हा रंग. इथे एक डोकं चाललं ते म्हणजे आधी बाकी गाडी पॉलिश केली आणि मग दरवाजा दिला. उलटं केलं असतं तर त्याने उडालेल्या गुलाबी रंगाला मॅच करून शेड बनवली असती आणि पॉलिशनंतर तो दरवाजा वेगळा उठून दिसला असता.

आता नऊ महिन्यांचं. पहिले दोन महिने काय सांगू, पंपावरची पोरं विचारायची नवीन पेंट मारला का. एप्रिलपासून टपाची चमक उतरायला लागली. वॅक्सच्या डब्यावर काय लिहायचं ते लिहोत, आमच्या ४२-४३ डिग्रीत टपावर ते पाच-सहा आठवड्यांत संपलं, पाण्याचे थेंब बनणं बंद झालं, मेमध्ये ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं हलकं गुलाबी. म्हणजे ऊन परत रंग खायला लागलं, ह्या रंगावर लॅकर नाही त्यामुळे आडवं यायला काहीच नाही. मग हाताने हलकं पॉलिश करून सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच वरून लावायचा संरक्षक लेप) लावला, तो जूनपासून आतापर्यंत दोनदा, आणि तो वॅक्सपेक्षा बराच टिकतो. चमक वॅक्सची जास्त ओली दिसते हे मान्य, पण मला टिकाऊपणा हवा.

दरवाजे आणि मागची डिकी एकदा केल्यावर अजून जशीच्या तशी आहेत. सगळा खर्च आणि मेहनत टप-बॉनेटचीच.

एक भानगड बोअरच्या पाण्याची. धुऊन तशीच वाळू दिली की क्षाराचे पांढरे गोल डाग बसतात आणि लाल रंगावर ते लांबून दिसतात. अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर फडक्यावर घेऊन पुसलं की जातात, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. आता शेवटची बादली आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची वापरू म्हटलं तर त्यात क्षार अजून जास्त, तो शहाणपणा करू नका, मी केलाय. कव्हरही बंद केलं, धुळीवर कव्हर वाऱ्याने हललं की सँडपेपरच, त्यापेक्षा पत्र्याच्या शेडखाली जागा मागून घेतली, महिना ३०० रुपये.

परवा दसऱ्याला आईने परत बॉनेटवर स्वस्तिक काढलं, प्रायमर दिसतो त्या जागेवर मुद्दाम हळदीचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने एका हातात सगळं निघालं, फक्त प्रायमरवरचं पिवळं बोट राहिलंय.