स्मार्ट बल्ब की स्विचबोर्डामागचं मॉड्यूल?

मावसबहिणीने विचारलंय: घरात सासूबाई आहेत, दिवे-पंखे मोबाइलवरून चालवायचे आहेत, तर स्मार्ट बल्ब घेऊ की बोर्डामागे वाय-फाय मॉड्यूल (साधे दिवे-पंखेही मोबाइलवरून चालू-बंद करू देणारं छोटं यंत्र) बसवू?

बसवायला बल्ब सोपा. होल्डरमध्ये लावायचा, ॲपला जोडायचा, झालं. मॉड्यूलला इलेक्ट्रिशियन लागतो आणि बोर्डात न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी तार) आहे का, मागे जागा आहे का, हे आधी बघावं लागतं.

खरा फरक रोजच्या वापरात कळतो. स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. सासूबाईंनी सवयीने ते बंद केलं की बल्बची वीजच तुटते, मग ॲपही हतबल. मॉड्यूलला नेहमीचं बटण जोडता येतं. नेट गेलं तरी दिवा बटणावर लागतो. घरात वयस्कर माणसं असतील तर माझ्या मते एवढ्या एका मुद्द्यावर निर्णय व्हावा.

एका दिव्यापुरता खर्च बल्बचाच कमी. पण तो गेला की आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स फेकायचं. मॉड्यूल असेल तर साधा एलईडी बदलून भागतं. पंख्याचा वेग बदलायला मात्र पंख्याचं वेगळं मॉड्यूल लागतं. गीझरसाठी १६ अँपिअरचंच घे, तिथे काटकसर अजिबात नको.

भाड्याचं घर किंवा रंगीत प्रकाशाची हौस असेल तर बल्ब. स्वतःचं घर आणि बटण दाबणारी माणसं अनेक, तर मॉड्यूल.